मास्तर मेला कधी?

माझे सासरे पुण्यात तीस वर्षं जर्मन शिकवत. मीही त्यांच्याकडेच शिकले. त्यांचा मुलगा नंतर पाहिला. डोळे अधू झाल्यावर ते परदेशात आमच्याकडे, चोआ चू कांगच्या फ्लॅटवर राहायला आले. ऑफिसमधून आल्यावर त्यांना तासभर जर्मन पुस्तकं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

त्यांना आवडायचं ते सगळं विनाशाचं. बर्फाखाली गेलेली शहरं, फुटलेली धरणं, पृथ्वीवर उरलेला एकटा माणूस.

"बाबा, या लोकांना काही हलकंफुलकं सुचतच नाही का?"

"दोन महायुद्धं करून बसलेत. हलकंफुलकं आणतील कुठून?"

त्या सप्टेंबरात सुमात्राच्या आगींचा धूर शहरावर बसला होता. शाळांना सुट्टी, खिडक्या बंद. त्याच आठवड्यात बाबांचा रिपोर्ट आला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. डॉक्टरांनी आम्हा नवराबायकोला बाहेर बसवून सांगितलं, की उपचारांचा उपयोग थोडाच. पुण्याला न्यायचं तर दोन-तीन आठवड्यांत न्या, पुढे विमानप्रवास झेपणार नाही. नवऱ्याने टॅक्सीतच ठरवून टाकलं. उपचार इथेच करायचे आणि बाबांना अल्सर म्हणून सांगायचं.

"आणि ती मरणाची पुस्तकं बंद कर," तो म्हणाला.

पुस्तकं बंद झाली असती तर त्यांना त्याच दिवशी कळलं असतं. म्हणून मी पानं गाळायला लागले. तेव्हा एका डोंगराळ गावाची कादंबरी चालू होती. गाव एकेक घर करून तळ्यात घसरतंय, आणि लोक पडदे धुतायत, मुरंबे घालतायत. त्यातला शाळामास्तर अंथरुणाला खिळला तशी मी बावीस पानं उलटून पुढचं प्रकरण काढलं.

"थांब," बाबा म्हणाले. "काल मास्तर खोकत होता. आज त्याची बायको विधवा. मास्तर मेला कधी?"

"लेखकाने दिलेलं नाही."

"जर्मन लेखक, आणि मरण द्यायचं विसरला? अगं, थाप मारायची तर नीट मार."

एअर प्युरिफायर घरघरत होता.

"अल्सरसाठी कोणी तीन स्कॅन काढत नाही," ते म्हणाले. "या सगळ्या पुस्तकांत एक माणूस असतो, ज्याला सगळ्यांत शेवटी कळतं. वर्गातली पोरं त्याला हसायची. मला तो करू नका."

मी सांगितलं. डॉक्टरांचे शब्द होते तसेच सांगितले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती दिवस उडता येईल?"

"दहा-बारा."

"तिकीट काढ. मला माझ्या घरी जायचंय."

नवरा घरी आला तेव्हा तिकीट काढून झालं होतं. "तुला कोणी अधिकार दिला?" तो म्हणाला. मी म्हटलं, त्यांनी विचारलं. बाबांनी आतून हाक मारली, "तिच्यावर ओरडू नकोस, बॅग भर." त्याने बॅग भरली.

बाबा पाच आठवड्यांनी पुण्यात वारले. शेवटचे आठ दिवस वेदना फार होत्या, आणि इथल्यासारखी औषधं तिथे वेळेवर मिळाली नाहीत. मी ते रजा काढून पाहिलं. इथे ठेवलं असतं तर सहा महिने तरी काढले असते, असं नवरा अजून म्हणतो. काढलेही असते. मी त्यावर वाद घालत नाही.