बोटीवर ठेवलेली अनामत

श्रीगणरायाला वंदन करून आणि सप्तशृंगगडावरील जगदंबेचे स्मरण करून लिहावयास बसलो आहे. निमित्त असे, की यंदाच्या चैत्रोत्सवात गडावर गेलो असता पुजारी देवीला पातळ नेसवीत होते. ते अकरा वारी पातळ पाहिले आणि पोलीस सेवेतील एक प्रकरण मनात जागे झाले. वर्षे लोटली, तरी त्या घटनेतील माणसे आजही समोर उभी राहतात. कोणाचेही नाव घेणार नाही. ज्यांची ही हकीकत आहे, ते वाचतील तर स्वतःला ओळखतील आणि रागावणार नाहीत, अशी खात्री आहे.

दोन हजारनंतरची ती वर्षे होती. एटीएमचे कार्ड घरोघरी आले होते, पण त्याचे सारे गुणदोष लोकांना ठाऊक झाले नव्हते. मी नाशिक शहरातील एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून डाक पाहत असताना इंदिरानगरातील एक गृहस्थ आले. कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर होते, पण त्या दिवशी शर्टाचे बटण वरखाली लागले होते.

"आई हरवली आहे, साहेब," ते म्हणाले. "आणि कोणीतरी तिचं कार्ड वापरतंय. परदेशातून."

आई म्हणजे निवृत्त शिक्षिका. यजमान वारल्यापासून त्या दरवर्षी चार दिवस वणीच्या गडावर, म्हणजे सप्तशृंगगडावर, धर्मशाळेत एकट्या राहत. त्या वर्षीही तसेच सांगून निघाल्या. गडावर तेव्हा मोबाईलला रेंज नसे, म्हणून फोन बंद लागला तरी मुलाला काळजी वाटली नाही. पुढे एटीएमवर संयुक्त खात्याची शिल्लक पाहिली, तेव्हा घसघशीत रक्कम कमी दिसली. बँकेने फोनवर सांगितले, की आईच्या कार्डावर एका परदेशी कंपनीच्या नावे व्यवहार आहे. मुलाने धर्मशाळेत चौकशी केली. बाई तिकडे पोचल्याच नव्हत्या.

ठाणे अंमलदाराने मिसिंगची नोंद घेतली, वायरलेसवरून वर्णन कळवले. मुलाचा आग्रह मात्र अपहरणाचा गुन्हा दाखल करावा असा होता आणि त्याचा संशय एकाच माणसावर होता. निघताना बाई नेहमीच्या रिक्षात बसल्या होत्या. तो रिक्षावाला मूळचा सुरगाण्याकडच्या डोंगरातला. शहरात येऊन त्याला बरीच वर्षे झाली होती.

आमच्या जीपने त्याला वस्तीतून आणले. घरझडतीत पंचांसमक्ष एक कोरे, भारी पातळ, खण, नारळ आणि बाईंची लोकरीची शाल मिळाली. तेवढ्यावर आमच्या जुन्या हवालदारांनी निकाल देऊन टाकला. हे हवालदार मनाने वाईट नव्हते. फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीची घाई असे.

"साहेब, म्हातारीची शाल याच्या घरात. आता काय आकाशवाणी व्हायची वाट बघायची?"

मी रिक्षावाल्याला गुन्हे शोध पथकाच्या खोलीत बसवले आणि चहा मागवला. अनुभवाने एक शिकलो होतो. गुन्हा केलेला माणूस चहा घटाघटा पितो किंवा शिवत नाही. याने बशीत ओतून, फुंकर घालून, शांतपणे घेतला.

"बाईंना कुठे सोडलेस?"

"जिथं जायचं व्हतं तिथं सोडलं, साहेब."

"म्हणजे कुठे? वणीच्या गाडीला?"

त्याने बशी खाली ठेवली.

"अरे, बोल की," हवालदार म्हणाले.

"नाय सांगता येत, दादा. शब्द दिला हाय. रिक्षात देवीचा फोटो हाय, त्याच्यावर हात ठेवून."

हवालदार हसले. "साहेब, हा तर साधुपुरुष निघाला. लॉकअपमध्ये याच्यासाठी देव्हारा बसवू का?"

"बसवा," तो खाली मान घालून म्हणाला, "तरी बी नाय सांगणार."

माझे बालपण त्र्यंबकेश्वरी पाठशाळेत गेले. शपथेचा अर्थ त्या वयात हाडात मुरला होता. खोटे बोलणाऱ्याला शपथ सोयीची असते. तो ती पुन्हा पुन्हा घेतो. या माणसाने घेतलेली शपथ त्याच्याच गळ्याला फास होत होती. 'वणीच्या गाडीत बसवले' असे एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. ते खोटेही तो बोलत नव्हता. त्याला मारून बोलते करणे कायद्याने गैर होतेच, मला ते अधर्म्यही वाटले. हवालदारांना बाहेर पाठवले.

"शब्द मोडायला सांगत नाही," मी म्हणालो. "बाईंनी जे सांगू नको म्हटले, ते सांगू नकोस. पण मी विचारतो ते त्यात येत नसेल तर उत्तर दे. शब्द घेताना बाई रडत होत्या?"

त्याने वर पाहिले.

"नाय साहेब. हसत व्हत्या. शाळेतल्या पोरीगत."

"आणि ही शाल?"

"म्हणल्या, तिकडं थंडी नाय, तुझ्याकडं राहू दे."

"पातळ कोणाचे?"

यावर त्याने नुसती मान हलवली. मी मुद्देमालाच्या खोलीतून पातळ मागवले आणि टेबलावर उलगडू लागलो. टेबल संपले, तरी ते संपेना. हवालदारांना आत बोलावले, तर दुसरे टोक धरून त्यांना दारापर्यंत जावे लागले. नऊवारीहून लांब पातळ कोणती बाई नेसते? अकरा वार लागतात ते गडावरच्या जगदंबेला. हे चोरलेले लुगडे नव्हते. कोणाच्या तरी नावाने देवीला पोचवायला दिलेली ती ठेव होती. हवालदारांच्याही ते ध्यानात आले. त्यांनी पातळाची घडी घालताना पायातल्या वहाणा काढून ठेवल्या.

तेवढ्यात रिक्षावाला हळूच म्हणाला, "साहेब, एक इनंती हाय. आज दुपारी पोरीला बघाया पाव्हणे येनार. बाप ठेसनात हाय कळलं, तर उंबऱ्यावरूनच माघारी जातील. हीच पोर बाईंनी फुकट शिकवून दहावी पास केली."

"मग तिच्यासाठी तरी सांग," मी म्हणालो.

त्याने बाहीने डोळे पुसले. "बाईंनी माझ्याकडं तेवढंच मागितलं, साहेब. इतक्या वर्सांत पयल्यांदा."

आता प्रश्न होता तो कार्डाचा. मुलाला घेऊन मी बँकेच्या शाखेत गेलो. तिथल्या तरुण अधिकारी बाईंनी संगणकावर खाते उघडले.

"साहेब, हे पैसे गेलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "धरून ठेवलेत. होल्ड म्हणतात. मोठी हॉटेलं, जहाजं वगैरे आधीच रक्कम अडवून ठेवतात, गिऱ्हाइकाचा पुढचा खर्च भागावा म्हणून. क्रेडिट कार्ड असतं तर नुसती मर्यादा कमी झाली असती. डेबिट कार्डात खात्यातलेच पैसे अडकतात, म्हणून शिल्लक कमी दिसते. शेवटी हिशेब झाला की जेवढं खर्चलं तेवढं कापतात, उरलेलं सुटतं. सुटायला मात्र दिवस लागतात."

"म्हणजे अनामत," मी म्हणालो.

"हो, तसंच समजा. आणि नंतर रोज थोडं थोडं वाढलंय. अगदी किरकोळ."

मुलगा म्हणाला, "काही का असेना, कार्ड चोराच्या हातात आहे ना?"

माझ्या मनात मात्र त्र्यंबकेश्वरच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या होत्या. यात्रेकरू स्वयंपाकाला पातेली, परात घेतो, तेव्हा अनामत ठेवतो. जाताना भांडी मोजून देतो आणि अनामत घेऊन जातो. ज्याला भांडी घेऊन पळायचे असते, तो अनामत ठेवीत नाही. आपल्या स्मृतिकारांनी व्यवहाराची, म्हणजे न्यायनिवाड्याच्या वादांची, जी अठरा पदे सांगितली, त्यांत 'निक्षेप' हे एक आहे. निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्यापाशी ठेवलेली ठेव. ती ठेवतो तो परत येणारा माणूस.

आणि ते रोजचे किरकोळ आकडे. चोराच्या हाती कार्ड लागले, तर तो एका दमात खाते कोरडे करतो. इथे कोणीतरी रोज निवांत बसून चहा घेत होते.

"ही कंपनी कसली?" मी विचारले.

अधिकारी बाईंनी वरच्या कार्यालयात फोन लावला. उत्तर ऐकताना त्यांचा चेहरा बदलला. "साहेब, समुद्रसफरीची कंपनी आहे. परदेशी आहे, पण तिची बोट सध्या मुंबईहून सुटते. गोवा, लक्षद्वीप करून परत येते."

मुलगा खुर्चीत मागे टेकला. "शक्यच नाही. आई साधी रामकुंडावर गेली तरी मला सांगते."

बोटीच्या मुंबईतील कार्यालयाने फोनवर प्रवाशाचे नाव सांगण्यास नकार दिला. लेखी मागणी हवी होती. मी ठाण्याच्या शिक्क्यानिशी फॅक्स पाठवला. उद्यापर्यंत उत्तर देऊ, असे कळले. उद्या. रिक्षावाल्याकडे पाहुणे तर आज येणार होते.

मुलगा म्हणाला, "उत्तर येईपर्यंत त्याला सोडू नका. माझ्या आईचं काही बरंवाईट झालं असलं तर?"

त्याची भीती मला कळत होती. माझा तर्क चुकला असता, तर जबाब मलाच द्यावा लागला असता. हवालदारांनीही बाजूला घेऊन तेच सांगितले. पण एका बाजूला अकरा वारी पातळ आणि अनामत होती, दुसऱ्या बाजूला नुसता संशय. मी स्टेशन डायरीला कारणासह नोंद केली आणि त्याला सोडले.

जीपमध्ये बसवून ज्या गल्लीतून आणला होता, त्याच गल्लीतून परत नेला. हवालदारांना घेऊन गणवेशातच त्याच्या ओट्यावर बसलो. शेजारी दारांतून पाहत होते. पाहुणे आले, थबकले.

"साहेब इकडं कसे?" नवऱ्या मुलाच्या बापाने जपून विचारले.

"आमच्या तपासात यांची मदत झाली," मी म्हणालो. "शब्दाचा पक्का माणूस आहे. सोयरीक करणार असाल, तर एवढे ध्यानात ठेवा."

यात असत्य काही नव्हते. हवालदारांनी पोह्यांची दुसरी बशी मागून घेतली आणि पाहुण्यांना म्हणाले, "हुंड्याबिंड्याचं बोलणार असाल तर आम्ही अजून बसतो." सगळे हसले. त्या हसण्यावर पुढचे बोलणे सुरू झाले. आम्ही उठलो.

दुसऱ्या दिवशी फॅक्स आला. बाई बोटीवर सुखरूप होत्या. मुंबईतल्या बालमैत्रिणीबरोबर त्यांनी खोली घेतली होती. मुलगा तत्काळ मुंबईला धक्क्यावर जायला निघाला. मी त्याला थांबवले.

"अनामत त्यांनी ठेवली आहे," मी म्हणालो. "सोडवूनही त्याच आणतील. त्यांना येऊ द्या."

ठरलेल्या दिवशी नाशिकरोड स्थानकावर रिक्षा उभी होती. बाईंचे आणि त्याचे तसे आधीच ठरलेले होते. वाटेत त्याने सारे सांगितले असावे, कारण बाई घरी न जाता थेट ठाण्यात आल्या. चेहरा उन्हाने रापला होता. मिसिंगची नोंद बंद करण्यासाठी जबाब घ्यावा लागला.

"खोटं मुलाशी बोलले," त्यांनी सांगितले. "देवीशी नाही. तिचं पातळ याच्या हाती ठेवूनच गेले. यजमान नेहमी म्हणायचे, एकदा समुद्रावर जाऊ. त्र्यंबकला थोरले दीर आहेत. ते म्हणाले असते, विधवा बाईला हे शोभतं का, शास्त्रात समुद्रगमन वर्ज्य आहे. कोणाकोणाशी वाद घालायचा? कार्ड तिथल्या खिडकीवर दिलं. त्यांनी घासलं, परत दिलं. त्यात एवढे पैसे अडकतात हे मला कुठे ठाऊक? मी तर कॉफीसुद्धा मोजून प्याले."

मुलगा म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर मीच नेलं असतं ना, आई."

"नेलं असतंस रे. पण मला कोणी न्यायला नको होतं. मला जायचं होतं."

मग बाई रिक्षावाल्याकडे वळल्या आणि काही बोलण्याआधीच त्यांनी हात जोडले. तो गडबडला.

"बाई, पाया पडतो, असं करू नका. पोरीचं जमलं. सुपारी फुटायची हाय, तुमी आल्याबिगर फोडू नका म्हणली ती."

मुलगा पुढे झाला, त्याचे दोन्ही हात धरून उभा राहिला. रिक्षावाल्यानेच विषय बदलला.

"बाई, एक इचारू? बोट हालती का वो?"

"पहिल्या दिवशी हलते," बाई म्हणाल्या. "मग आपणच तिच्यासारखं हलायला लागतो."

पुढे चैत्रात आई, मुलगा आणि रिक्षावाला तिघेही पातळ घेऊन गडावर गेले, असे कळले. बँकेतील अडकलेली रक्कमही यथावकाश सुटली. आजचे वाचक बोटीवर जात असतील, तर त्यांना एवढेच सांगेन, की खर्चासाठी डेबिट कार्ड देण्यापूर्वी किती रक्कम अडवतील ते विचारा, खात्यात घरखर्चापुरते वेगळे ठेवा आणि घरच्या एकाला तरी सांगून जा.

या प्रकरणाने मला जे शिकवले, ते कायद्याच्या पुस्तकात नव्हते. पोलिसाची नजर नेहमी काय नाहीसे झाले यावर असते. कोणी कोणापाशी काय ठेवले, हेही पाहिले पाहिजे. बाईंनी पैसा बोटीपाशी ठेवला, पातळ आणि गुपित एका गरीब माणसापाशी ठेवले. बोटीने ठेवीवर कागदोपत्री हक्क ठेवला होता. त्या माणसाकडे कागद नव्हता. मुलीची सोयरीक हुकायची वेळ आली, तरी त्याने ठेव फोडली नाही. आपले आयुष्यही परमेश्वराने काही काळ आपल्यापाशी ठेवलेला निक्षेपच आहे. तो मागेल तेव्हा इतक्याच स्वच्छ हातांनी परत करता यावा, अशी माझी रोजची प्रार्थना असते.

वाचकहो, जगदंबा आपल्या घरावर कृपादृष्टी ठेवो. आपण ज्यांच्यापाशी विश्वास ठेवाल, ती माणसे त्या रिक्षावाल्यासारखी असोत. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना जेथे जावेसे वाटते तेथे जाता यावे, आणि परतताना त्यांच्यासाठी दार उघडे असावे. शुभं भवतु.