खाडीच्या तळाचा दगड

ठाण्याजवळ दिवा गावच्या खाडीकाठी आवडाबाईचं मिठागर होतं. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं चालवलेलं. एकोणीसशे छप्पनच्या हिवाळ्यात एका तेल कंपनीची माणसं आली आणि खाडीत तराफा नांगरून तळाला भोक पाडू लागली.

"दगडात कुठं तेल असतं? जमिनी घ्यायला आलेत मेले," ती गावात सांगत सुटली.

कंपनीचा भूगर्भतज्ज्ञ विश्राम डोंबिवलीचा, नुकताच कॉलेजातून निघालेला. भोकातून निघालेले दगडाचे लांबट, गोल दांडके तो किनाऱ्यावरच्या पेटीत मांडायचा. त्यावरून पुढं समुद्राखाली कसा दगड असेल, त्यात तेल मावेल का, हे त्याला सांगायचं होतं. दांडक्यांवर बारीक भोकं दिसत होती. दगड सच्छिद्र आहे, तेल मावेल, असं त्यानं कंपनीच्या साहेबांना सांगूनही टाकलं.

एका सकाळी सगळ्यात खोलवरचा दांडका गायब. विश्राम तडक आवडाबाईच्या दारात गेला.

"तुम्हीच नेलाय. रोज पेटीपाशी घुटमळत होतात."

"नेलाय," म्हणत तिनं तांदळाच्या कणगीतून दांडका काढला. "आधी यात काय हाय ते दाखव. मग ने."

रागाच्या भरात विश्रामनं तो उंबऱ्यावर हातोडीनं फोडला आणि तुकडे उचलून डोळ्यांजवळ धरले. आतलं एकूण एक भोक पांढऱ्या खनिजानं गच्च भरलेलं होतं. वरवरचं तेवढं यंत्राच्या घासण्यानं झडून गेलं होतं.

"चांदी हाय?"

"नाही हो. भोकं बुजलीत. तेलाला जागाच नाही. माझा अंदाज चुकला."

"चुकलं म्हणून कोण सांगतं रं?" तिनं डोळे बारीक केले.

त्यानं साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "गाववाल्यांनी फितवलं वाटतं तुम्हाला?" विश्रामवर पाळत ठेवून त्यांनी शेजारी दुसरं भोक पाडलं. तसाच बुजलेला दगड निघाला. उन्हाळ्याआधी तराफा गेला. विश्रामनं नोकरी सोडली आणि ठाण्याच्या शाळेत शिकवू लागला. साहेबांचा तो प्रश्न त्याच्या मनातून गेला नाही.

"तेल सापडलंय त्यांना, लपवतात," असं आवडाबाई शेवटपर्यंत म्हणायची. कोणी विचारलं, विश्रामही त्यातलाच का, तर म्हणायची, "त्याला बी फसवला असंल."