भिंतीवरची छत्रीवाली

त्यांचं खरं नाव विचारलं तर नवऱ्यालाही क्षणभर डोकं खाजवावं लागलं असतं. गावाला त्या ठाऊक होत्या खाडाखोडवहिनी म्हणून. गावात थिएटर एकच. त्याच्या दर्शनी भिंतीवर घराएवढा पत्र्याचा फलक, आणि त्या फलकावर दर आठवड्याला नवा सिनेमा रंगवायचं काम वहिनींचं. अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला फडकं, कानामागे ब्रश, अशा थाटात त्या परांचीवर चढायच्या. खालून कुणी हाक मारली तर आधी हात थांबवायच्या आणि मग मान वळवायच्या. दोन्ही एकदम केलं की नायिकेला मिशी फुटते, हे त्या अनुभवानं शिकल्या होत्या.

नाव कसं पडलं त्याचीही गंमत आहे. सिनेमा यायच्या आधी कंपनीकडून थोडे फोटो यायचे. सिनेमा स्वतः उगवायचा शुक्रवारी. तोवर वहिनींनी त्या फोटोंवरून अख्खी गोष्ट ताडायची आणि फलक उभा करायचा. एकदा फोटोत मगरीचं खवलं दिसलं म्हणून त्यांनी जबडा वासलेली मगर काढली. थिएटर गच्च भरलं. सिनेमात ती मगर म्हणजे नायिकेची पर्स निघाली! वहिनींचे यजमान त्याच थिएटरच्या तिकीट खिडकीत बसायचे. लोकांनी त्या दिवशी त्यांना जे सुनावलं, ते त्यांनी घरी येऊन बायकोला जसंच्या तसं ऐकवलं.

"रंगवतेस तू आणि शिव्या खातो मी! खिडकीला भोक आहे म्हणून लोकांनी काय त्यात मुंडकं घालून ओरडायचं?"

वहिनींच्या जिवाला लागलं ते. भिंतीवर काढलं म्हणजे सांगितलं, आणि सांगितलं म्हणजे शब्द दिला, असं त्यांचं सरळ गणित. शनिवारी सकाळी त्या परांचीवर चढल्या, मगर पुसली आणि तिथं पर्स काढली. पट्ट्यासकट. तेव्हापासून रिवाजच पडला. शुक्रवारचा पहिला खेळ वहिनींनी बघायचा आणि शनिवारी फलकातलं खोटं पुसायचं. लोक चहा पिता पिता विचारत, "काय हो, वहिनींनी आज काय पुसलं?" आणि त्यावर सिनेमाला जायचं की नाही ते ठरवत. मालक आतल्या आत चरफडत, पण इतका झरझर हात चालवणारं दुसरं माणूस मिळत नव्हतं.

वहिनींची त्यात एक युक्ती होती. ज्याची खात्री नाही ते भरपूर तेल घातलेल्या पातळ रंगात काढायचं. तो कच्चा रंग लवकर वाळत नाही, फडकं फिरवलं की निघून येतो. ज्याची खात्री आहे ते पक्क्या रंगात. तो एकदा वाळला की पत्रा निघेल पण रंग निघणार नाही.

सुपरहिरोंच्या सिनेमात तर जवळपास सगळंच कच्च्या रंगात असायचं. कंपनीचं छापील पोस्टर कुठलंही घ्या, मधोमध हिरो, काखेत गळू झाल्यासारखे हात फाकवून उभा. एका गालावर निळा उजेड, दुसऱ्यावर नारिंगी. मागं शहर पेटलेलं, आणि ते विझवायचं सोडून बाकीची मंडळी उतरंडीसारखी एकमेकांच्या डोक्यावर तोंडं रचून बसलेली. हिरोची हनुवटी जितकी वर तितक्या इमारती पडणार, असं प्रेक्षक मनाशी धरून यायचे. आणि पडल्या नाहीत की खिडकीपाशी यायचे.

असाच एक सिनेमा आला. हिरोच्या छातीवर चांदीचा भोवरा होता, बाकी सगळं नेहमीचंच. पण एका फोटोत, अगदी कोपऱ्यात, एक म्हातारी होती. हातात उघडी काळी छत्री. आभाळाकडे अशी डोळे वटारून बघत होती, जणू ते तिच्या धुतलेल्या कपड्यांवर सांडलंय.

वहिनींनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. "अहो, हीच मुख्य. त्या पोराला शक्ती हिनंच दिलेली असणार."

"अगं, कोपऱ्यात आहे ती."

"आपल्या घरात तरी मुख्य माणूस कुठं मधोमध असतं? तुम्ही आरामखुर्चीत आणि मी ओट्यापाशी!"

यजमानांनी वर्तमानपत्र उघडलं. वहिनींनी आजी काढली ती हिरोच्या दुप्पट. छत्रीच्या टोकातून वीज कडाडतेय, पायाखाली रस्ता तडकलाय. आणि खात्री इतकी की सबंध आजी पक्क्या रंगात.

गावात नुसती चर्चा. सुपरहिरो म्हणजे आतले कपडे बाहेरून घालणारी टोळी, असं म्हणणाऱ्या बायका फलकाखाली थांबू लागल्या. वहिनींची थोरली नणंद शिवणकामाचा कारखाना चालवायची. तोंडात टाचण्या धरूनही टोमणे मारू शकेल अशी बाई. तीसुद्धा आली.

"वहिनी, ही कोण गं?"

"वन्सं, हिच्यासाठी तरी याच. सगळ्यांना घेऊन या."

"आपल्या वयाची बाई आभाळाला दम देतेय, हे बघायला मी चालत येईन!"

शुक्रवारी नणंदेनं कारखान्याला कुलूप घातलं आणि सगळ्या बायका ओळीनं आणून बसवल्या. वहिनी त्यांच्याच मागच्या रांगेत. मध्यंतर झालं, आजी नाही. बायकांनी मान वळवून मागं बघितलं. वहिनींनी हातानंच खूण केली, थांबा, येतेय. मग एकदाची आली. हिरो आभाळातून रस्त्यावर आपटला, धुराचे लोट उठले, त्यातून आजी छत्री धरून रस्ता ओलांडत आली. वर बघितलं, "हं!" केलं आणि निघून गेली. ती गेली ती गेलीच. शेवटी नावं पडद्यावर सरकू लागली तरी बायका बसूनच होत्या.

दारात नणंदेनं वहिनींना गाठलं. "आम्ही मशिनी बंद ठेवून आलो, ते 'हं' ऐकायला? ते तर मी घरी आमच्या ह्यांच्याकडून रोज ऐकते!"

"वन्सं, उद्या दुरुस्त करते ना."

"भिंत दुरुस्त करशील. तुझा शब्द मी सगळ्यांना माझा म्हणून दिला, त्याचं काय?"

हसत बोलली खरी, पण निघताना नेहमीसारखं "ये गं घरी" म्हणाली नाही. वहिनींना ते टोचलं.

शनिवारी सकाळी त्या रंगाचे डबे घेऊन आल्या, तर परांचीखाली मालक उभे. सोबत टेप धरून एक माणूस भिंतीची लांबीरुंदी घेत होता.

"वहिनी, आज आजीला हात लावायचा नाही," मालक म्हणाले. "उद्याची तिकिटं तिच्या जिवावर खपतायत. पुसलीत, तर पुढच्या आठवड्यापासून इथं छापील फ्लेक्स. माप घ्यायलाच आलेत हे."

"पण मालक, ती सिनेमात नाहीच."

"आहे की! मी स्वतः बघितली."

"तुमच्या चहात माशी पडते तितका वेळ!"

मालक ऐकायला तयार नव्हते. वहिनींनी तिकीट खिडकीकडे बघितलं. लग्न होऊन या गावात आल्या तेव्हापासून त्यांचा हात या एकाच भिंतीवर चाललेला. भिंत गेली तर तो काय घराच्या दारांना रंग देत बसणार? खिडकीच्या भोकातून यजमानांचा आवाज आला, "मगर आठव आणि काय ते कर. शिव्या खायला मी बसलोय."

वहिनी चढल्या. फडकं तेलात बुडवून आजीच्या नाकावर घासलं. नाक जागचं हललं नाही. गाल घासला, छत्री घासली. तेव्हा कुठं लक्षात आलं, आयुष्यात पहिल्यांदा खात्रीनं चूक केलीय आणि ती पक्क्या रंगात. आजी वरून त्यांच्याकडेच डोळे वटारून बघत होती. वहिनींना वर परांचीवर एकटीला खुदकन हसू आलं. "बरं बाई," त्या म्हणाल्या, "तू जात नाहीस तर नको जाऊ. पण आहेस तेवढीच राहा."

सिनेमात खरोखर भरपूर काय होतं? धूर! वहिनींनी काळा-पांढरा कालवला आणि आजीच्या पायापासून वर धूर चढवायला घेतला. वीज गेली, छत्री गेली, शेवटी डोळे गेले. हिरो कच्च्या रंगातला, तो एका फटक्यात निघाला. निम्मा सिनेमा तो कॉम्प्युटरपुढं बसून सगळं समजावून सांगत होता, म्हणून त्याला खुर्चीवर बसवला, हनुवटी हातावर टेकवून. मग बारीक ब्रश घेऊन धुरामध्ये छत्रीवाली आजी काढली, मांजराएवढी. खाली लिहिलं: "आजी आहेत. एवढ्याच आहेत. एकदाच आहेत. डोळे मिटू नका."

मालकांनी ते वाचलं. फ्लेक्सवाल्याला घेऊन आत गेले आणि दार लावून घेतलं. वहिनींनी ब्रश धुतले. जरा जास्तच वेळ धुतले.

रविवारी त्या घरीच बसणार होत्या. पण यजमानांनी निरोप धाडला, लगेच ये. धापा टाकत पोचल्या, तर लोक फलकाखाली माना वर करून धुरात बोट दाखवत होते. "ती बघ! नाही गं, डावीकडं!" जो तो हसत होता आणि हसत हसत खिडकीकडे जात होता. रांगेच्या पुढं नणंद, कारखान्यातल्या सगळ्या बायकांसह. प्रत्येकीच्या हातात छत्री.

"काय गं, वहिनी? आता सांगितलंस तेवढंच बघायला आलोय."

वहिनी दाराशी उभ्या राहिल्या. मालकही थोड्या अंतरावर येऊन थांबले, त्यांच्याकडे न बघता. आत हिरो आपटला, धूर उठला आणि सगळं थिएटर एकदम गप्प झालं. आजी आली. वर बघितलं. आणि हॉलमधल्या झाडून सगळ्यांनी तिच्याबरोबर एका सुरात केलं, "हं!" छत्र्या फटाफट उघडल्या. टाळ्या, शिट्ट्या, हसण्याचा गडगडाट. पुढची मारामारी कुणाला ऐकूच आली नाही. मालकांनी तोंडावर रुमाल धरला, तरी खांदे हलताना दिसत होते.

बाहेर पडताना नणंद म्हणाली, "ये गं घरी. आमच्या ह्यांना या धुराची गोष्ट तुझ्या तोंडून ऐकवायचीय."

पुढच्या खेळाच्या रांगेत टेपवाला फ्लेक्सवालाही होता. तिकीट काढताना त्यानं यजमानांना विचारलं, "आजी मध्यंतराआधी येते की नंतर?"

नव्या आठवड्याचे फोटो मालक स्वतः घेऊन आले. वहिनींनी एकेक चाळला आणि एकावर थबकल्या. "मालक, हा मागं शिडी धरून उभा आहे तो कोण?"

मालकांनी हात जोडले. "वहिनी, कुणालाही काढा. पण कच्च्या रंगात."

"खात्री असली तरी?"

"खात्री असली तर तेल आणखी घाला!"