माशाच्या तेलाचा वास

पोळ्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, देवळाच्या ओट्यावर पाचशे एक रुपये दंड जमा झाला. हजर होते चार पंच, दंड भरणारे सोनूआप्पा आणि पावती फाडणारा मी.

आप्पा माझे शेजारी, जुने माळकरी. महिनाभर ते भजनात आधी वारा कुठून येतो ते पाहत आणि सगळ्यांच्या पलीकडे बसत. कारण त्यांचा बैल कबऱ्या. जुवाने त्याच्या खांद्याला जखम झाली होती. डॉक्टरांचं मलम लावलं तरी संध्याकाळी माश्या पुन्हा बसत. तळोद्याच्या बाजारात सुकट विकणाऱ्या सायजाबाईने उपाय सांगितला, समुद्रातल्या माशाचं तेल. किनाऱ्यावरचे लोक ढोरांना तेच लावतात. सुकटीच्या दुकानापुढे उभं राहायची आप्पांना लाज वाटे, म्हणून बाटली मी आणली.

माश्या हटल्या. आप्पा राखेने हात घासत, तरी वास जात नसे. म्हणत, “माळ मन्ही शे, खांदा त्याना शे.”

त्या गुरुवारी ओट्यावर एक पंच हसत म्हणाला, “आप्पा, भजनले येतांना सुकट कमी खात जा.” मग हसू थांबलं आणि खरंच विचारणा झाली. तेलाचं सांगितलं असतं, तर कबऱ्याला धुवायला लावलं असतं, नाहीतर पोळ्याच्या रांगेतून काढलं असतं. धुतला की माश्या आल्याच.

“खादी मी,” आप्पा म्हणाले. “म्हातारपण शे, जीभ ऐकत नही.” त्यांनी माळ काढून ओट्यावर ठेवली.

बाटली आणणारा मी समोरच होतो. मी खाली मान घालून पावतीवर ‘मांसाहाराबद्दल’ असं लिहिलं.

परतताना आप्पाच म्हणाले, “तू काब्र लाजस? बैलले उद्या ओवाळतीन. काम व्हयनं.”

कबऱ्या तोरणाखालून पहिला गेला. आप्पांना मात्र पंगतीचं बोलावणं आलं नाही, पुढेही नाही. हिवाळ्यात ते गेले, गळा मोकळाच होता.

यंदा कबऱ्याचा खांदा पुन्हा सोलला. पोळ्याला मी बाटली घेऊन ओट्यासमोर गेलो, सगळ्यांदेखत त्याला तेल लावलं आणि काय झालं होतं ते सांगितलं. मग पंचांनी पाचशे एक रुपये आप्पांच्या बायकोपुढे धरले.

त्या म्हणाल्या, “मले नको. त्या पैसानं तेल लई या. गावमा बैल शेतस.”

तेलासाठी पाचशे एक रुपये सायजाबाईला दिले. पावती मी मागितली नाही.