मंगळाच्या प्रवासाचं पाणी

"साहेब, तुमी म्हनं अमेरिकेत मुताचं प्यायचं पानी करीत हुता?"

सरपंच बाजीराव आव्हाडांनी हे विचारलं तेव्हा मी नगरच्या पाणीपुरवठा ऑफिसात टँकरच्या फेऱ्या लावत होतो. शेजारी डेप्युटी इंजिनिअर कुलकर्णीसाहेब बसले होते. कुणी हसलं नाही. बहात्तरचा दुष्काळ होता.

ते खरंच होतं. तिकडे मी माणसांना मंगळावर नेण्याच्या योजनेवर काम करायचो. जाऊन यायला दोनेक वर्षं लागणार. तेवढं पाणी यानात मावत नाही. म्हणून घाम, लघवी, श्वासातली वाफ, सगळं शुद्ध करून पुन्हा प्यायचं. माणूस जिवंत ठेवायच्या या व्यवस्थेला लाइफ सपोर्ट म्हणतात. माझ्याकडे त्यातलं पाण्याचं काम होतं. पुढे योजनाच गुंडाळली, आमचं सेक्शन बंद झालं. मी आईकडे नगरला परतलो आणि ही टेंपररी नोकरी धरली.

आव्हाडांचं गाव पाथर्डी तालुक्यात. तिथे एकाच विहिरीला पाणी उरलं होतं, आणि ते खारं. पोरांना हगवण लागलेली. टँकरचा भरवसा नव्हता.

"मुताचं हुतंय, तर खाऱ्याचं का न्हाई हुनार?" आव्हाड म्हणाले.

कुलकर्णीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "गायकवाड, होईल?"

"होईल. किती होईल ते विचारू नका."

"तेच विचारतोय."

उत्तर मला माहीत होतं, तरी मी गेलो. जळण नव्हतं, ऊन भरपूर होतं. शाळेच्या पटांगणात उथळ हौद बांधला, तळ काळा केला, वर खिडक्यांच्या काचा उतरत्या बसवल्या. उन्हाने पाण्याची वाफ होते, काचेला आतून थेंब धरतात, ओघळून पन्हळीत येतात. मीठ खाली राहतं. याला सोलर स्टिल म्हणतात.

पहिला थेंब पडला तेव्हा सगळं गाव हौदाभोवती उभं होतं. दिवस मावळेपर्यंत घागर अर्धीसुद्धा भरली नाही.

मी नगरला जाऊन काचा मागितल्या.

"किती लागतील?" कुलकर्णीसाहेब म्हणाले.

"गावावर छप्पर घालता येईल एवढ्या."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला टँकरला डिझेल मिळत नाही, गायकवाड."

गावात परतलो तर आव्हाड वाट बघत होते. "ह्ये एवढंसं पानी कुनाला द्यायचं, तुमीच सांगा."

मंगळाच्या योजनेत त्यालाही नियम होता. पाणी कमी पडलं तर सगळ्यांचं सारखं कापायचं. पण तिथली माणसं निवडून घेतलेली, धडधाकट. मी म्हणालो, "तान्ह्या बाळांच्या घरी द्या." तशी घरं बरीच निघाली. वाटणीला पाळीपाळीने तांब्या तांब्या आला. बायका आपसात भांडू लागल्या.

गावातल्या सरूबाईंची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची तान्ही मुलगी हगवणीने त्याच आठवड्यात गेली. सरूबाई पटांगणात आल्या. त्या बोल लावतील असं मला वाटलं. खरं तर मला ते हवं होतं.

"दादा, तुमच्या मशिनीत खोट न्हाई," त्या म्हणाल्या. "पानी गोड हुतं."

दुसऱ्या दिवशी आव्हाड म्हणाले, "साहेब, काचा काढा."

"निदान तांब्याभर तरी मिळतंय."

"म्हनून तर. ह्ये हाय म्हनून लोकं वाट बघत बसल्यात. नसलं तर उठून जातील तरी. जगतील."

मी काचा काढल्या. चारसहा दिवसांत लोक निघाले. कुणी खडी फोडायला, कुणी कोल्हारकडे प्रवरेच्या काठाला. सरूबाई लेकीला घेऊन कर्जतकडे गेल्या. पुढे त्यांचं काय झालं, मला कळलं नाही. विहीर महिन्याभरात आटली.

नोकरी संपेपर्यंत मी टँकरच्या फेऱ्याच लावत राहिलो. मंगळाच्या योजनेत आधी पाणी ठरायचं, मग ते पुरेल तेवढीच माणसं. गावात माणसं आधीपासून असतात.