सशाच्या मानेसाठी अडीच इंचाचं भोक

मंडळी, हळद शिजवायचा कुकर, पॉलिशचा ड्रम, पेरणीयंत्राचे फण, हे सगळं मी कुरुंद्यात स्वतःच्या हातानं बनवलं. शिकायला कुठं गेलो नाही. आठ दिवसांपूर्वी ग्राइंडरवरून लोखंडाचा कण उडाला आणि उजव्या डोळ्यावर पट्टी आली. ती उद्या सुटणार आहे.

आज एका कॉलेजातले सर नमुन्याची पेटी बघायला आले. ससा आत, डोकं बाहेर. मानेचं भोक अडीच इंच, बराबर.

"सर, काहून पाहिजे ही?"

"सशाच्या डोळ्याला बारीक जखम करून त्यात मलेरियाच्या औषधाचे थेंब घालायचे. जखम लवकर भरते की उलट लांबते, ते बघायचंय. तुमच्याच कामाचं आहे मिस्त्री."

"आन् आग झाली तर त्यानं डोळा पुसायचा कसा?"

"पुसू नये म्हणूनच तर पेटी."

बनवलेली वस्तू मी आधी स्वतःवर तपासतो. ते गेल्यावर हात पाठीमागं धरून बसलो. मिनिटभरातच पट्टीखाली आग सुरू झाली. उद्या पट्टी सुटली आन् अंधारच दिसला तर?

ते औषध पुढंमागं मलाच लागेल, व्हय. मी चुकलो का, तुमीच सांगा. सरांना फोन करून बारा पेट्यांचं, एकवीस हजार सहाशे रुपयांचं काम मी नको म्हणालो.