ताईंचा मंगळवार

"चेहरा तुमचाच हाय, घाबरताय कशाला?"

असं म्हणत ताई दोन बोटांनी गिऱ्हाइकाची हनुवटी उचलायच्या, जरा डावीकडे वळवायच्या, आणि माणूस त्यावर विचार करू लागायच्या आत फोटो काढून मोकळ्या व्हायच्या. बोईसरला त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं दुकान. मधली भिंत प्लायवूडची. त्यामुळे त्यांच्याकडचं बोलणं मला आपोआप ऐकू येई, आणि जे ऐकू येत नसे ते मी जाऊन विचारी.

कारखान्याच्या गेटपाससाठी येणारी पोरं म्हणत, "मॅडम, थोडा गोरा कर देना." लग्नाच्या मुलींच्या आया तेच मराठीत म्हणत. आमच्या भागातले एक होतकरू पुढारी दर वाढदिवसाला बॅनरचा फोटो काढायला येत. कानाला मोबाइल, कपाळावर जनतेची काळजी. असे फोन तुम्हीही चौकाचौकांत पाहिले असतील. पलीकडे कोणीच नसतं. एकदा मात्र ऐन फोटोच्या वेळी कानाशी खरोखरच फोन वाजला आणि पुढारी खुर्चीवरून दचकून उठले. तो फोटो ताईंना फार आवडला होता. पुढाऱ्यांनी तो समोर उभं राहून पुसायला लावला.

"भाऊ," एकदा त्या मला म्हणाल्या, "आख्खा जन्म लोकांना 'इकडं बघा' म्हणण्यात गेला. आता जे माझ्याकडं बघत नायत त्यांचे फोटो काढायचे हायत. कोणी सांगितलेले नाय, कोणाला द्यायचे नाय. माझे."

पुढच्या आठवड्यात स्टुडिओच्या दारावर पाटी लागली: 'मंगळवारी बंद. स्वतःचं काम आहे.'

घोटाळा झाला तो 'स्वतःचं' या शब्दानं. बाईमाणसाला स्वतःचं काम असतं, ही कल्पना आमच्या रस्त्याला नवीन होती. हार्डवेअरवाले शेठ म्हणाले, कोर्टकचेरी असणार. औषधांच्या दुकानदारानं 'तपासण्या चालू असतील' असं हळू आवाजात सांगितलं, म्हणजे ते लवकर पसरलं. कोणी म्हणालं, ताई पालघरला दुसरा स्टुडिओ टाकतायत.

घरच्यांनी तर डोक्याला ताणच दिला नाही. स्टुडिओ बंद म्हणजे ताई मोकळ्या. त्यांचे यजमान कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे दुसऱ्याला काम नेमून देण्याचा अनुभव दांडगा. "आज घरीच हायस ना? मग माळा साफ करून घेऊ," असं ते म्हणत आणि खाली शिडी धरून उभे राहत. एका मंगळवारी नणंदेला दवाखान्यात न्यायचं निघालं, एका मंगळवारी जावेचे पापड. कॅमेऱ्याची पिशवी दारामागच्या खिळ्यालाच राहिली. बुधवारी ताई येऊन खुर्चीत धपकन बसल्या. "भाऊ, विसाव्यासाठी आता दुकान उघडं ठेवावं लागेल."

मी म्हटलं, "ताई, पाटी बदला. 'व्रतानिमित्त बंद' असं लिहा."

"कसलं व्रत?"

"ते कोणी विचारत नाही."

मीच ती छापून दिली, कोपऱ्यात एक कमळ टाकून.

परिणाम तात्काळ झाला. शेठ दुकान उघडायला जाताना पाटीला नमस्कार करू लागले. तपासण्यांचा विषय मिटला. यजमानांनी तर स्वतःचा चहा स्वतः केला. "नेमाधर्माचं हाय, मधे पडू नये," असं ते शेजाऱ्यांना सांगत. आणि ताई सकाळी जेवण करून ठेवून, कॅमेरा खांद्याला लावून, उजळ माथ्यानं बाहेर पडल्या.

बुधवारी त्या मला फोटो दाखवत. मासवणला एसटीची वाट बघता बघता भाजीच्या टोपलीवर रेलून झोपलेली म्हातारी. तारापूरच्या किनाऱ्यावर जाळं शिवायचं थांबवून नुसताच बसलेला कोळी. कारखान्याच्या गेटवरचा रखवालदार, साहेबाची गाडी केव्हाच निघून गेलेली आणि सलामाचा हात अजून कपाळाशीच. यांतल्या कोणालाही ताईंनी गोरं केलं नव्हतं.

आता मंगळवारी स्टुडिओ बंद म्हटल्यावर बुधवारी दारात गर्दी होणारच. पण गर्दी बघणाऱ्यांनी हिशेब वेगळा केला: ताईंना व्रत फळलं! सालवडच्या चाळीतल्या बायका एक दिवस स्टुडिओत आल्या. पुढे होत्या एक मावशी, कामगारांचे जेवणाचे डबे करणाऱ्या.

"ताई, आमाला पण विधी सांगा ना."

भिंतीअलीकडे माझं झेरॉक्स मशीन चालू होतं, ते मी बंद केलं.

ताई म्हणाल्या, "सकाळचं आवरलं की घराबाहेर पडायचं. एकटीनं. दिवस मावळेपर्यंत कोणाचं काय काम करायचं नाय."

"आणि पूजा?"

"हीच पूजा."

"नैवेद्य?"

"आपल्याला आवडंल तो. आपणच खायचा."

बायका भक्तिभावानं उठल्या. पुढच्या काही महिन्यांत सालवडच्या बऱ्याच पुरुषांना साखरेचा डबा कुठे असतो ते समजलं. बायका मंगळवारी एकेकट्या निघत. कोणी माहेरच्या झाडाखाली जाऊन बसे, कोणी स्टेशनच्या बाकावर बसून वडापाव खाई. घरचे कुरकुरत, पण देवाच्या कामात बोलणार कोण?

बोलले ते पुढारी. एवढं लोकप्रिय व्रत त्यांच्या बॅनरशिवाय चालू आहे, हे त्यांना सहन होईना. ते स्टुडिओत आले आणि जाहीर करून टाकलं, "ताई, पुढच्या मंगळवारी सामूहिक व्रत! मंडप, माईक, महाप्रसाद. बायकांनी सकाळीच पुऱ्या लाटायला यायचं. आणि फोटो अर्थात तुमी काढायचे."

ते गेल्यावर ताई माझ्या दुकानात आल्या. चेहरा उतरलेला. "भाऊ, बायकांना माझ्यामुळं पुऱ्या लाटाव्या लागणार. मी खरं सांगून टाकते."

संध्याकाळी त्यांनी सालवडच्या बायकांना स्टुडिओत बोलावलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "असं व्रत नाय. मीच बनवलं. मला फोटो काढायला वेळ पायजे होता. माफ करा."

मावशी म्हणाल्या, "ताई, आमी काय येड्या हाव? ज्या व्रताला देवच नाय ते व्रत कुठं असतं? पण तुमी सांगितलं तसं अजून कोणत्या देवानं आमाला सांगितलं नव्हतं. आता तुमी गप ऱ्हावा. पुढचं खोटं आमी बोलतो."

दुसऱ्या दिवशी मावशी पुढाऱ्यांना भेटल्या. डोक्यावरून पदर घेऊन, हात जोडून म्हणाल्या, "भाऊ, तुमचे लय उपकार. एवढंच हाय, या व्रतात पुरुष माणसानं हात घातला की त्याचं हातातलं जातं. तुमचं तिकीट अजून व्हायचं हाय ना?"

मंडप वसईच्या कोणाच्या तरी मुंजीला गेला.

ताई इतक्या खूश झाल्या की त्यांनी मावशींना विचारलं, "मंगळवारी तुमचेच फोटो काढू का? बसलेल्या असाल तशाच?"

"नाय," मावशी म्हणाल्या. "मंगळवारी आमी कोणाच्या कामाला येत नाय."

ताई हसत सुटल्या. पदरानं डोळे पुसायची वेळ आली तरी थांबेनात.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलानं त्यांना नाशिकला नेलं. स्टुडिओच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. ताईंचे ते फोटो कुठे आहेत, मला माहीत नाही. त्यांनी ते कुठे लावले नाहीत, स्पर्धेला पाठवले नाहीत.

त्या जाण्याआधी एकदा मी चिंचणीला गेलो होतो. ओहोटी होती. बांधावर चपला काढून ताई बसल्या होत्या, मांडीवर शेंगांची पुडी. कॅमेरा पिशवीतच होता. पलीकडे दोन लहानगी चिखलात खेकडे शोधत होती, चांगला फोटो झाला असता. ताईंनी पिशवीला हात लावला नाही. त्या नुसत्याच बघत होत्या, तोंड किंचित उघडं, वाऱ्यानं केस चेहऱ्यावर आलेले. मी हाक मारायला हात वर केला. मग वार लक्षात आला. हात खाली घेतला आणि सुरूच्या झाडांमागून, लांबच्या वाटेनं परत गेलो.